घरचा मिस्त्री : मागचा लाल दिवा



गेल्या वेळी आम्ही पाण्याच्या मोटरीच्या कंडेन्सरबद्दल लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली आहेत, त्यांची उत्तरे पुढच्या खेपेला देऊ. आज मात्र अशा एका यंत्राबद्दल लिहायचे आहे, जे आपल्या घरांतून सहसा आढळत नाही. मोटारगाडीतले क्रूझ कंट्रोल. काही वाचक म्हणतील, इथे मोटारसायकलचा हप्ता फिटता फिटत नाही आणि हे गृहस्थ श्रीमंतांच्या गाडीतली चैन काय सांगत बसले! म्हणणे खरे आहे. परंतु गाडी दुसऱ्याची असली तरी स्टेअरिंगवरचे हात पुष्कळदा आपल्या घरातले असतात. बारामती, इंदापूर, दौंड या भागांत आपली कितीतरी मुले ड्रायव्हर म्हणून पोट भरतात. आणि गाडीत काही बिघडले की पहिला संशय त्या हातांवरच येतो. तसे आमच्या नात्यात घडले, म्हणून हा विषय घेतला.

आमची एक भाची इंदापूर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. तिचे पती इंदापुरातल्या एका मालकांकडे बारा वर्षे ड्रायव्हर आहेत. मालकांच्या दारात नव्या दोन गाड्या उभ्या असतात, पण त्यांचा जीव तिसरीत. ती परदेशी बनावटीची, पस्तीसेक वर्षांपूर्वीची, मुंबईच्या कोणा हौशी माणसाकडून घेतलेली. रविवारी पाहुण्यांना दाखवायची, महिन्यातून एकदा पुण्याला न्यायची, एरवी शेडमध्ये पांघरूण घालून ठेवायची, अशी तिची बडदास्त. त्या गाडीत क्रूझ कंट्रोल आहे आणि मालकांना त्याचा भारी अभिमान.

एके रात्री भाचीचा फोन आला.

"मामा, जय भीम. झोपला होता का?"

"नाही गं, बोल. आवाज असा का तुझा?"

"मामा, तुम्ही पेपरात सगळ्या जगाचे पंखे न् मिक्सर दुरुस्त करता. आमचंही एक काम आहे. फक्त ते आमच्या घरात नाही, मालकाच्या गाडीत आहे."

मग तिने सगळे सांगितले. महिन्यापूर्वी पुण्याहून परत येताना क्रूझ कंट्रोल बंद पडले. मालकांनी गाडी पुण्याच्या एका गॅरेजला दाखवली. त्यांनी सांगितले, याचा इलेक्ट्रॉनिक डबा गेला, तो बाहेरदेशातून मागवावा लागेल, तीस हजार होतील. मालक घरी येऊन म्हणाले, "गाडी तुझ्या हातात असताना बिघडली. निम्मे तू भर." निम्मे म्हणजे पंधरा हजार. दरमहा तीन हजार याप्रमाणे पाच महिने. पगार चौदा हजार. त्यातला पहिला हप्ता कापूनही झाला होता आणि थोरल्या मुलीच्या नर्सिंगच्या फीचा दुसरा हप्ता पंधरा दिवसांवर आला होता.

"ह्यांनी काही केलं नाही मामा," भाची म्हणाली. "पण केलं नाही हे दाखवायचं कसं?"

बिघाड कशाने झाला हे दाखवायचे, एवढा एकच मार्ग आम्हांला दिसला. आमची उभी हयात मेंटेनन्स खात्यात गेली. त्यात एक गोष्ट पक्की कळली होती, की "डबा गेला" असे जो डबा न उघडता सांगतो, त्याने बहुतेक वेळा बाकीचे काही तपासलेले नसते. आम्ही म्हणालो, रविवारी येतो.

आता हे क्रूझ कंट्रोल म्हणजे काय ते सांगतो. मोठ्या सरळ रस्त्यावर ड्रायव्हरला तासन् तास अॅक्सिलरेटरवर पाय ठेवून बसावे लागते. या यंत्राने एक वेग बांधून दिला, समजा सत्तर, की पाय काढून घेतला तरी गाडी सत्तरनेच चालते. चढ लागला तर यंत्र स्वतः पेट्रोल वाढवते, उतार लागला तर कमी करते. ब्रेकला पाय लावला की लगेच सोडून देते.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही. नीरा डाव्या कालव्याच्या काठी ज्यांनी डिझेल इंजिनावर पाणी उपसले आहे, त्यांनी हेच काम पाहिलेले आहे. पंपावर भार आला की इंजिन क्षणभर दबते, मग आपोआप आवाज चढवून पुन्हा पहिल्या गतीवर येते. ते करतो इंजिनाचा गव्हर्नर. त्यात गरगर फिरणारी वजने असतात. गती वाढली की ती बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात, गती घटली की आत मिटतात आणि डिझेल वाढवतात. जेम्स वॅट याने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला असला गव्हर्नर लावला. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिने गावोगाव पोहोचली, तसा गव्हर्नर हा शब्दही शेतमजुरांच्या तोंडी बसला. राज्यपालांना गव्हर्नर म्हणतात हे आमच्या लहानपणी आम्हांला नंतर कळले, इंजिनाचा गव्हर्नर आधी!

मोटारीसाठी हे यंत्र ज्याने काढले त्याची हकीकत मुलांना जरूर सांगावी अशी आहे. त्याचे नाव राल्फ टीटर, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. पाचव्या वर्षी अपघाताने त्याची दृष्टी गेली. तरीही तो शिकला, १९१२ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून इंजिनियर झाला, आणि १९३६ साली अमेरिकेच्या मोटार इंजिनियरांच्या संस्थेचा अध्यक्षही झाला. हाताच्या बोटांनी तो यंत्राचे दोष ओळखत असे. असे सांगतात, की त्याचा वकील गाडी चालवताना बोलू लागला की वेग कमी करी आणि ऐकू लागला की वाढवी. शेजारी बसलेल्या टीटरला त्या हिसक्यांचा वैताग येई. डोळस माणसाला जे जाणवत नव्हते, ते या अंध माणसाला प्रत्येक हिसक्यात जाणवत होते. त्यातून त्याने वेग एकसारखा राखणारे यंत्र तयार केले. १९५० साली त्याला पेटंट मिळाले आणि १९५८ च्या मॉडेलांत क्रायस्लर कंपनीने ते यंत्र पहिल्यांदा विकायला काढले. स्वतः टीटर मात्र कधी गाडी चालवू शकला नाही.

या क्रायस्लरचा आपल्या इंदापूरशी दूरचा संबंध आहे. ज्यांच्या नावाने इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसले, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात १९४७ पासून गाड्या बनू लागल्या, त्या या क्रायस्लरच्याच परवान्याने. फियाट मागाहून आली आणि तिचीच पुढे पद्मिनी झाली. मुंबईत काळी-पिवळी चालवून आपल्या कितीतरी कुटुंबांनी ज्या पद्मिनीवर मुले शिकवली, ती टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पद्मिनीत अर्थातच क्रूझ कंट्रोल नव्हते. मुंबईच्या गर्दीत ते कशाला लागते?

असो. रविवारी सकाळच्या एसटीने आम्ही बारामतीहून निघालो. भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन, निमगाव केतकी, असा हा पालखीचा रस्ता. आता रुंद झाला, पण उसाच्या दिवसांत रुंदी कितीही असली तरी अपुरीच. एकामागे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, त्यांना मागे दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. पिशवीत आमची हत्यारे होती : दोन स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड, मीटर, आणि टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डरमध्ये बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी. मीटरपेक्षा आमचा याच्यावर जास्त विश्वास.

मालक घरी नव्हते, अकराला येणार होते. जावईबापूंनी शेड उघडली. त्यांचा चेहरा उतरलेला होता. बारा वर्षांत गाडीला एक ओरखडा न येऊ देणाऱ्या माणसाला कोणी तूच बिघडवली म्हणाले, की ते आत कुठेतरी लागते. आम्ही हत्यार काढण्याआधी त्यांना खाली बसवले आणि विचारले, "जावईबापू, त्या दिवशीचं सगळं सांगा. काही गाळू नका."

ही आमची पद्धत आहे. बिघाड कधी झाला, एकदम झाला की हळूहळू, त्याआधी काय केले होते, हे विचारल्याशिवाय आम्ही बॉनेटला हात लावत नाही. त्यांनी सांगितले ते असे : पुण्याहून निघताना यंत्र चांगले चालत होते. पाटसपासून भिगवणपर्यंत सत्तरवर बांधले होते. भिगवणला मालक मासे घ्यायला उतरले. बाजाराच्या गर्दीत ब्रेक मारत मारत गाडी काढली, पुन्हा हायवेला लागले, आणि तिथून पुढे यंत्राने वेग धरलाच नाही. बटण दाबावे, काहीच होऊ नये.

"धरून सोडत होतं, की मुळात धरतच नव्हतं?"

"धरतच नव्हतं."

हा फरक महत्त्वाचा आहे. वेग धरतो पण चढावर सुटतो, किंवा झोके खात कमी-जास्त होतो, असे असेल तर दोष बहुधा ओढणाऱ्या भागात असतो, म्हणजे रबरी नळी, पडदा, तार. मुळातच धरत नसेल तर यंत्राला सुरू होण्याची परवानगीच मिळत नाही असे समजावे. परवानगी न देणारे दोन-तीनच जण असतात.

आधी फ्यूज पाहिला. शाबूत होता. मग गाडी गल्लीतून एक चक्कर फिरवून वेगाचा काटा पाहिला. तो न थरथरता चढत-उतरत होता. वेग किती हे यंत्राला त्याच वाटेने कळते, म्हणून तेही ठीक. मग बॉनेट उघडले. या जुन्या गाड्यांत अॅक्सिलरेटरची तार ओढायला एक रबरी पडदा असतो. इंजिन हवा आत ओढते, त्या ओढीवरच तो पडदा चालतो. तिथपर्यंत जाणारी रबरी नळी आम्ही चाचपली. टोकाशी ती तडकलेली होती. जावईबापूंचे डोळे चमकले. आम्हांलाही क्षणभर वाटले, सापडले! तडकलेला अर्धा इंच कापून टाकला, नळी पुन्हा घट्ट बसवली. नळी तोंडात धरून हवा ओढली, तर पडदा आत गेला आणि तिथेच राहिला. भाग चांगला.

परंतु मनाला पटेना. नळीच्या तडीने यंत्र ढिले पडेल, एकदम मुके होणार नाही. आणि तड काही भिगवणच्या बाजारात पडलेली नव्हती, ती जुनी होती. हाताला एक दोष लागला की तोच गुन्हेगार समजून घरी जायचा मोह होतो. आमच्याकडून पूर्वी असे झालेले आहे. एका लग्नाच्या आदल्या रात्री आम्ही लाऊडस्पीकर "दुरुस्त" करून आलो होतो आणि सकाळी मंडपात जे झाले ते इथे सांगत नाही.

मग आम्ही भाचीच्या धाकट्या मुलाला हाक मारली. तो सहावीत आहे. त्याला गाडीच्या मागे उभे केले आणि जावईबापूंना ब्रेक दाबायला सांगितले.

"लाल दिवा लागला का रे?"

"नाही आजोबा."

"दोन्हीकडे बघ. उजवा?"

"नाही."

"डावा?"

"तोपण नाही. कुठलाच नाही आजोबा."

जावईबापू उतरून मागे आले. त्यांनी स्वतः पाहिले. त्यांचा विश्वास बसेना. आणि बसणार कसा? ब्रेक मारणारा पुढे बसलेला असतो, दिवा त्याच्या पाठीमागे लागतो. हेडलाइट गेला तर रस्ता दिसत नाही, भोंगा गेला तर वाजत नाही, पण ब्रेकचा दिवा गेलेला ड्रायव्हरला कळत नाही. मागून येणाऱ्याला कळायला हवा, पण जो दिवा लागलाच नाही तो त्याला तरी कसा कळणार? एक महिनाभर ही गाडी पुणे-सोलापूर हायवेवर, ट्रक आणि खासगी बसगाड्यांच्या पुढे, ब्रेकच्या दिव्याविना धावत होती. त्यात दोनदा मालकांची नातवंडे बसलेली होती.

आता ब्रेकच्या दिव्याचा आणि क्रूझ कंट्रोलचा संबंध काय, ते समजून घ्यावे. ब्रेक दाबला की पेडलजवळचा स्विच मागच्या बल्बांना वीज देतो. त्याच वायरीला क्रूझच्या डब्याचीही एक वायर जोडलेली असते, म्हणजे ब्रेक लागला हे डब्याला कळते आणि तो वेग सोडून देतो. परंतु डबा बनवणाऱ्यांनी एक शंका घेतली : ही वायर मध्येच तुटली तर? मग ब्रेक दाबला तरी डब्याला कळणार नाही, आणि इकडे माणूस ब्रेक दाबतो, तिकडे यंत्र पेट्रोल वाढवते, असा प्रसंग येईल. म्हणून त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत डबा आधी वायर तपासतो. ब्रेक दाबलेला नसताना तो त्या वायरीतून अगदी चिमूटभर वीज सोडून पाहतो. ती बल्बच्या तारेतून गाडीच्या अर्थला पोहोचली तर वायर शाबूत आहे, बल्ब शाबूत आहे, पाय पेडलवर नाही. मग परवानगी. ती पोहोचली नाही तर परवानगी नाही.

दारे धरणारा गडी पाट सोडण्याआधी तांब्याभर पाणी ओतून पाट कुठे फुटला नाही ना ते बघतो, तसेच हे.

दोन्ही बाजूंना मिळून दोन बल्ब असतात. एक गेला तरी दुसऱ्याच्या तारेतून वाट मिळते आणि यंत्र चालते. आम्ही मागचे भिंग काढले. उजव्या बल्बची काच आतून काळीठिक्कर पडलेली, धूळही साचलेली. तो कितीतरी महिन्यांपूर्वी गेला असावा. डाव्या बल्बची काच स्वच्छ होती, पण तार नुकतीच तुटलेली, बल्ब हलवला की आत किणकिण वाजत होती. म्हणजे इतके दिवस एकट्या डाव्या बल्बवर काम चालले होते. भिगवणच्या बाजारात ब्रेक मारता मारता तोही गेला आणि यंत्र त्याच मिनिटाला मुके झाले. डब्याला काहीही झालेले नव्हते. उलट तोच एकटा आपले काम चोख करत होता!

मुलाला सायकलवरून स्टँडजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात पाठवले. बारा व्होल्ट, एकवीस वॅटचे दोन बल्ब, जुना नमुना हातात देऊन, कारण बुडाच्या खिळ्या वेगळ्या असल्या तर बल्ब होल्डरमध्ये बसत नाही. दोन्ही मिळून शंभराच्या आत. दुकानदाराने एलईडी बल्ब दाखवला होता, पण मुलाने सांगितल्याप्रमाणे तारेचाच आणला, हे बरे केले. एलईडीतून ती चिमूटभर वीज जात नाही, म्हणून असल्या जुन्या गाडीत दिवा झगझगीत लागतो आणि क्रूझ मात्र बंदच राहते. कोणी हौसेने एलईडी बसवले असतील आणि यंत्र थांबले असेल, तर कारण हे. बल्ब लावण्याआधी होल्डरचा गंज सँडपेपरने घासून काढला, आणि इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला. चौदाच्या जरा वर दाखवले. ते पंधराच्या वर असते तर नवे बल्बही महिन्यात उडाले असते.

एवढ्यात जावईबापू हळूच म्हणाले, "मामा, एक सांगायचं राहिलं. इथल्या एका इलेक्ट्रिशियननं मला सांगितलं होतं, पाचशे दे, डायरेक्ट करून देतो."

आम्ही हातातले काम थांबवले. "केलं नाही ना?"

"नाही. पैसेच नव्हते."

वाचकांनो, हे "डायरेक्ट" म्हणजे डब्याची ती वायर ब्रेकपासून तोडून थेट गाडीच्या अर्थला जोडून टाकायची. डब्याला वाटते, वाट मिळाली, सगळे ठीक. यंत्र सुरू होते, मालक खूश, ड्रायव्हर सुटला. परंतु त्यानंतर ब्रेक दाबलेला डब्याला कधीच कळणार नाही. अशा गाड्यांत ब्रेकच्या पेडलवर दुसरीही एक झडप असते, जी त्या रबरी पडद्यातली ओढ मोडून टाकते. पस्तीस वर्षांची ती झडप चिकटलेली असली, तर पुढे उसाची ट्रॉली आणि खाली न ऐकणारी गाडी. ज्याच्याकडे पाचशे रुपये नव्हते म्हणून हे टळले, त्याच्याच पगारातून तीन हजार कापले गेले होते. फ्यूज डायरेक्ट, स्विच डायरेक्ट, मीटर डायरेक्ट, आपल्याकडे हा शब्द मोठ्या कौतुकाने वापरतात. इस्त्रीचा थर्मोस्टॅट डायरेक्ट केल्याने काय होते ते या सदरात आम्ही पूर्वी लिहिलेच आहे.

अकराला मालक आले. आम्ही जळके बल्ब त्यांच्या हातावर ठेवले आणि सगळे सांगितले. ते शांतपणे ऐकत होते, पण पटलेले दिसेना. पुण्याच्या एवढ्या मोठ्या गॅरेजने सांगितले ते चूक, आणि एसटीतून पिशवी घेऊन आलेला म्हातारा सांगतो ते बरोबर? आम्ही म्हणालो, "साहेब, हे यंत्र उभ्या गाडीत तपासता येत नाही. चाळीसच्या आसपास वेग गेल्याशिवाय ते धरत नाही. आपण हायवेला चला."

जावईबापू चालवायला, मालक शेजारी, आम्ही मागे. लोणी देवकरच्या बाजूला रस्ता मोकळा होता. साठवर बटण दाबले. जावईबापूंनी पाय काढून घेतला. काटा साठवर. किलोमीटरभर काटा हलला नाही. मग आम्ही सांगितले, ब्रेकला नुसता पाय टेकवा. टेकवताच यंत्राने वेग सोडला. पुन्हा धरले, पुन्हा सोडवले. असे चार वेळा केले. नुसते धरते हे पाहून चालत नाही, सोडते हेही पाहावे लागते, आणि आमच्या मते तेच जास्त पाहावे. मग गाडी बाजूला घेऊन पेडलवरची ती दुसरी झडपही वेगळी तपासली. ठीक होती.

परतीच्या वाटेवर मालक एवढेच म्हणाले, "मुलं बसली होती हो यात." पुढे काही बोलले नाहीत.

घरी आल्यावर चहा झाला. मालक बल्बचे पैसे द्यायला लागले. भाची दारात उभी होती. ती म्हणाली, "साहेब, बल्बचे पैसे असू द्या, ते मामांनी दिले. पण गेल्या महिन्याचे तीन हजार कापलेत त्याचं काय? मुलीची फी भरायचीय." आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत, सरळ विचारले. आम्ही मनात म्हणालो, हे आम्ही विचारायचे होते, आणि आम्ही चहाच पीत बसलो. मालक आत गेले, पैसे घेऊन आले, मोजून जावईबापूंच्या हातात दिले. चूक झाली असे ते म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी गाडी काढताना ते स्वतः मागे जाऊन उभे राहतात आणि ब्रेक दाब म्हणून सांगतात, असे जावईबापूंकडून कळले.

जे वाचक ड्रायव्हर आहेत त्यांच्यासाठी आणखी थोडे. आजच्या नव्या गाड्यांत हे यंत्र विजेवर चालते, रबरी नळ्या नाहीत, काहींत तर रडारने पुढची गाडी पाहून वेग कमी करायचीही सोय आहे. तरीसुद्धा क्रूझ लागत नाही म्हटले की मेकॅनिक ब्रेकचा स्विच सुरुवातीलाच पाहतो, तो यासाठीच. बिघडलेला स्विच पेडल न दाबताही दाबल्यासारखे सांगत राहतो. पावसात ओल्या रस्त्यावर, घाटात आणि ऊसवाहतुकीत हे यंत्र लावू नये. आणि समृद्धी महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर, जो डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला, पायाला काम नसले की डोळा लागतो. मालक मागे झोपलेला असतो, त्याला घाई असते. अशा वेळी तासाभराने यंत्र सोडवून पायाने गाडी चालवावी आणि दोन तासांनी उतरून तोंडावर पाणी मारावे. कोणी रागावला तर रागावू द्यावे.

ज्यांच्याकडे मोटारसायकल किंवा स्कूटर आहे त्यांनी आज रात्रीच एक गोष्ट करावी. गाडीचे मागचे टोक भिंतीकडे करून उभी करावी, इंजिन सुरू करून आधी हाताचा ब्रेक, मग पायाचा ब्रेक वेगवेगळा दाबावा. भिंतीवर दोन्ही वेळा लाल उजेड पडला पाहिजे. एकाने पडतो आणि दुसऱ्याने नाही, असे पुष्कळदा आढळते, कारण दोन्हींचे स्विच निराळे असतात. पायाच्या ब्रेकचा स्विच खाली चिखलात असतो आणि त्याची स्प्रिंग गंजते. स्विच साफ करून, स्प्रिंगला तेलाचा एक थेंब देऊन काम होते. नाही झाले तर स्विच बदलायला फार पैसे लागत नाहीत.

भाचीचा मुलगा आता या कामात तरबेज झाला आहे. परवाच्या रविवारी विहारासमोर वंदनेला आलेल्यांच्या अकरा मोटारसायकली उभ्या होत्या. त्याने एकेका गाडीमागे उभे राहून प्रत्येकाला ब्रेक दाबायला लावले. चारांचे दिवे लागत नव्हते. त्यांतली एक आमच्या थोरल्या चिरंजीवांची होती.

पुढच्या खेपेला पाण्याच्या मोटरीवरच्या पत्रांना उत्तरे.